काम सुरू आहे, पण माणूस बरा आहे का? झाकलेल्या नैराश्याविषयी

जयंतीची वर्गणी गोळा करायची, रविवारी विहारात वंदना घ्यायची, वस्तीतल्या लहान मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि रात्री स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडायची. भिवापूर तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक वस्तीत अशी एक-दोन मुले-मुली असतात. आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाते आणि घराची सगळी आशा या एकावर असते. "तो खंबीर आहे, त्याला काय होणार?" असे आपण सहज म्हणतो. चळवळीत आपण माणूस त्याच्या कामावरून मोजतो. त्यामुळे काम चालू असेपर्यंत त्याचा आजार कोणाला दिसत नाही.

हे नेमके काय असते?

दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसातला बराच वेळ मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, ही नैराश्याची मुख्य खूण. जोडीला झोप आणि भूक बिघडते, सतत थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. काहींच्या मनात जगणे नको असे विचार येतात. काही जणांत सौम्य पण चिवट नैराश्य दोन-दोन वर्षे टिकते. माणूस कामावर जातो, हसतो, भाषणही करतो, आणि "माझा स्वभावच असा" असे समजून चालतो. बोलण्यात याला 'हाय फंक्शनिंग डिप्रेशन' म्हणतात. हे डॉक्टरी निदानाचे नाव नाही, पण त्यामागचा त्रास खरा असतो.

निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. म्हणजे बहुतेक जण हे ओझे घेऊनच रोजची कामे करत असतात.

कसे ओळखावे?

रडणारा माणूस लगेच दिसतो. झाकणाऱ्याकडे नीट पाहावे लागते. बैठकीत सगळ्यांत जास्त बोलणारा घरी गेल्यावर कोणाचाच फोन उचलत नाही. चिडचिड वाढते. डोकेदुखी, पाठदुखी, पित्त यांसाठी गोळ्या सुरू राहतात. दारू किंवा खर्रा वाढतो. रिकामा वेळ सहन होत नाही म्हणून तो आणखी कामे ओढून घेतो. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे तो गमतीत म्हणू लागतो. यातली एखादी खूण म्हणजे आजार नव्हे. पण जुन्या ओळखीच्या माणसात असे बरेच बदल एकदम दिसले, तर विचारायलाच हवे.

अन्याय की आजार?

आपल्यात एक वाद नेहमी होतो. जातीचा अपमान, बेरोजगारी, फी, वसतिगृह हे प्रश्न व्यवस्थेचे आहेत, मग गोळ्या कशाला? रोहित वेमुला यांच्या 17 जानेवारी 2016 च्या मृत्यूनंतर देशभरच्या विद्यार्थ्यांनी संस्थांमधल्या भेदभावाचा प्रश्न लावून धरला. तो लावून धरायलाच हवा. कुणाच्या आजाराचे नाव पुढे करून संस्थेची जबाबदारी झाकू देऊ नये. मात्र अन्यायाने झालेली जखमसुद्धा जखमच असते. मोर्चा तिच्या कारणाशी लढतो, उपचार ती भरून आणतो. एकासाठी दुसरे सोडण्याची गरज नाही.

आपल्या परंपरेत काय दिसते?

1926 च्या जुलैमध्ये बाबासाहेबांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधी त्यांनी आणखी तीन अपत्ये गमावली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपले दुःख मोकळेपणाने मांडले. पुढच्या वर्षी 20 मार्च 1927 रोजी महाडचा सत्याग्रह झाला. ते दुःख म्हणजे आजार होता, असे आम्ही म्हणत नाही. पण एवढा कणखर माणूसही आपले दुःख मित्राला सांगत होता, हे आपण लक्षात ठेवावे.

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. कोणीच त्याची शुश्रूषा करत नव्हते, कारण तो इतरांच्या काही कामाचा नव्हता. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हे धम्माने तेव्हाच सांगितले आहे. विपश्यना आणि ध्यानाचा अनेकांना आधार वाटतो, पण त्यांना उपचाराच्या जागी बसवू नये. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

मदत कुठे मिळते?

लहान गावात "तो कुठे चालला?" हे सगळ्यांना कळते, म्हणून अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अशांसाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना स्पष्ट सांगता येते. पुढे उमरेडमार्गे नागपूरला गेल्यास मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे सरकारी सेवेत जात, धर्म किंवा लिंग यावरून भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

सोबत्यांनी काय करावे?

एकट्यात विचारा, गटात नको. "हिंमत ठेव" म्हणण्याआधी ऐकून घ्या. जगणे नको वाटते का, हे थेट विचारले तर धोका वाढत नाही. उत्तर 'हो' आले, तर त्याला एकटे सोडू नका, घरच्या विश्वासू माणसाला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दवाखान्यात सोबत जा. त्याची कामे काही महिने वाटून घ्या, आणि परत आल्यावर त्याची जागा त्याला द्या.

पुढच्या बैठकीत कामांची यादी वाचण्याआधी प्रत्येकाला एकदा विचारूया: झोप लागते का? बरा आहेस ना? आणि उत्तर यायला थोडा वेळ देऊया.

जय भीम.