मॉनिटरिंग एजंटचा प्रोसेसरभार

सर्व्हरच्या प्रकृतीवर नजर ठेवण्यासाठी बसवलेले मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच प्रोसेसरचा मोठा वाटा खाऊ लागते ती अवस्था, आणि तिचे निदान व उपाय. नागिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियस या प्रचलित प्रणालींपैकी कोणतीही तिला अपवाद नाही. दोष सहसा मूळ सॉफ्टवेअरचा नसतो. त्याला कोणते प्रश्न विचारायला लावले आहेत आणि किती वेळा, यावर भार ठरतो. त्यामुळे नवी आवृत्ती टाकून पाहणे किंवा कोअर वाढवून देणे हे नेहमीचे उपाय बहुधा वाया जातात.

सर्वांत जुने आणि आजही नित्याचे कारण म्हणजे प्रत्येक तपासणीसाठी नवी प्रोसेस सुरू करणे. १९९९ मध्ये नेटसेंट नावाने आलेल्या आणि २००२ पासून नागिऑस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीची रचनाच तशी आहे : प्लगइन सुरू होते, निकालाची ओळ छापते, संपते. झॅबिक्सला यूजर-पॅरामीटरने स्वतःच्या स्क्रिप्ट जोडल्या की तेच घडते. स्क्रिप्ट पायथन किंवा पर्लमध्ये असेल तर दर वेळी इंटरप्रिटर आणि लायब्ररी नव्याने चढतात. काम क्षणाचे, तयारीच मोठी. एका स्क्रिप्टला ०.३ सेकंद प्रोसेसर लागतो असे धरू. अशा ४० स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी चालवल्या, तर १० सेकंदांत १२ सेकंदांचे काम साठते. म्हणजे एक अख्खा कोअर आणि वर थोडे, सतत गुंतलेले. अंतर ६० सेकंद केले की हाच भार एका कोअरच्या २० टक्क्यांवर येतो. डिस्क किती भरली हे दर १० सेकंदांनी विचारण्यात तसाही अर्थ नसतो.

दुसरे कारण प्रश्नाच्या किमतीचे. लिनक्सवर एजंट बरीचशी माहिती प्रोक फाइलप्रणालीतून वाचतो. तिथल्या फाइली डिस्कवर नसतात. वाचायला घेतल्या की कर्नल त्या तिथल्या तिथे तयार करतो. काही स्वस्त, काही फार महाग. प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीचा तपशील देणारी स्मॅप्स ही फाइल वाचताना कर्नलला त्या प्रोसेसची पेज-टेबले धुंडाळावी लागतात. मोठा डेटाबेस चालू असलेल्या यंत्रावर हे वारंवार करणे परवडत नाही. २०१७ मधल्या ४.१४ आवृत्तीपासून बेरजा एकत्र देणारी स्मॅप्स-रोलअप मिळते. ती पुष्कळ हलकी. टीसीपी जोडण्यांची यादीही अशीच : हजारो जोडण्या असताना नेटस्टॅट रखडते, तर नेटलिंकमार्फत विचारणारे एसएस लवकर मोकळे होते. एसएनएमपीने राउटरचे मोठे रूटिंग टेबल ओळीओळीने मागवले तरी प्रोसेसर चढतो. तिथे व्ह्यू आखून ते टेबल वगळणे हा रूढ उपाय.

लॉग वाचणाऱ्या तपासण्यांची गोष्ट वेगळी. झॅबिक्सच्या लॉग आयटममध्ये ‘स्किप’ दिले नाही, तर नवा आयटम जुनी फाइल पहिल्या ओळीपासून वाचत सुटतो आणि प्रत्येक ओळीवर रेग्युलर एक्स्प्रेशन चालवतो.

विंडोजवर बहुतेक चौकश्या डब्ल्यूएमआयमधून जातात आणि टास्क मॅनेजरमध्ये नाव येते डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्टचे. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती इथे. विचारणारा कोण, याचा माग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटीच्या नोंदींत लागू शकतो : फसलेल्या चौकशीसाठी पडणाऱ्या ५८५८ क्रमांकाच्या नोंदीत क्लायंट प्रोसेसचा आयडी असतो. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी विन३२-प्रॉडक्ट या वर्गातून मागवणे तर टाळावेच. ती चौकशी प्रत्येक एमएसआय पॅकेजची पडताळणी सुरू करते.

निदान करताना आधी आकडा नीट वाचावा. लिनक्सच्या टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे एक कोअर. १६ कोअरच्या यंत्रावर तो एकूण क्षमतेच्या सव्वासहा टक्केच. लोड ॲव्हरेजवरून निष्कर्ष काढणे आणखी फसवे, कारण त्यात डिस्क किंवा एनएफएसची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. उलट, अल्पजीवी स्क्रिप्ट टॉपच्या दोन नजरांमध्ये जन्मून संपतात आणि दिसतच नाहीत. प्रोसेसर व्यस्त, पण यादीतल्या आकड्यांची बेरीज जुळत नाही, असे असेल तर एक्झेकस्नूप चालवावे. सुरू होणारी प्रत्येक प्रोसेस ते पालकासह दाखवते. एजंट स्वतःच जड असेल तर पिडस्टॅटने यूजर आणि सिस्टिम वेळ वेगळा पाहावा : सिस्टिम जास्त असेल तर प्रोकसारखी वाचने, यूजर जास्त असेल तर लॉगची छाननी किंवा जेसनचे विच्छेदन. सिस्टिम कॉल टिपणारे एसट्रेस काही सेकंदच जोडावे, कारण ते ज्याला जोडाल त्याला मंदावते.

एजंट दोन मिनिटे थांबवून पाहणे ही सर्वांत सरळ चाचणी. त्याआधी सर्व्हर मेंटेनन्समध्ये टाकावा, नाहीतर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. त्या दोन मिनिटांचा आलेख अर्थातच कोरा राहतो, म्हणून मोजमाप सारने किंवा पिडस्टॅटने करावे.

उपायांत अंतर वाढवणे, स्क्रिप्टऐवजी एजंटच्या अंगभूत तपासण्या वापरणे आणि सगळ्या तपासण्या मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला न सोडता विखुरणे, यांनी बहुतेक प्रकरणे मिटतात. प्रोमिथियसमध्ये एकाच एक्स्पोर्टरकडून दोन सर्व्हर आकडे घेत असतील तर त्याचे काम दुप्पट होते, हेही पाहावे. सिस्टिमडीच्या सीपीयू-कोटाने एजंटला वेसण घालता येते; मात्र कोटा फार आवळला की उत्तरे उशिरा जातात आणि धडधाकट सर्व्हर बंद पडल्याचा इशारा येतो. नाइसने प्राधान्य खाली आणणे त्यापेक्षा सौम्य.

संरचनेत काहीच बदल नसताना एजंटचा भार दिवसेंदिवस चढत असेल, तर मात्र एजंटला हात लावण्याआधी सर्व्हरकडे पाहावे. एखादे ॲप्लिकेशन सॉकेट बंद करायचे विसरत असेल तर क्लोज-वेट अवस्थेतल्या जोडण्या साचत जातात आणि त्यांची यादी वाचणाऱ्या एजंटचे काम तेवढे वाढते. ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केल्यावर एजंटचा भार एकदम उतरला, तर गळती त्या ॲप्लिकेशनमध्येच शोधायची.