कोर्दोबातले वाळवंट

जुना अरबी कसीदा, म्हणजे दीर्घ कविता, बहुधा उठून गेलेल्या तळापाशी सुरू होतो. टोळी पुढे गेलेली, राहुट्यांच्या खुणा वाळूत अर्ध्या बुजलेल्या, आणि प्रेयसीच्या आठवणीने तिथेच थबकलेला कवी. या प्रारंभाला नसीब म्हणतात. आपल्या नशिबाशी त्याचे नाते नाही, अरबीत दोन्ही शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहितात. इस्लामपूर्व कवी इम्रुल कैस तर आरंभीच दखूल, हौमल, तूदिह, मिक्रात अशी ठिकाणांची नावे एकापाठोपाठ घेतो. पुढे बगदादच्या आणि आंदलुसच्या (मुस्लिम स्पेनच्या) शहरी कवींनी हा रिवाज उचलला. त्यांच्यातल्या अनेकांनी ती वाळू कधी पाहिलेलीही नव्हती. मग ही कविता जागेशी बांधलेली कुठे राहिली, ती नुसत्या संकेताशी बांधलेली, असा आक्षेप येतो. तो जुनाच आहे. बगदादच्या अबू नुवास या कवीने तळापाशी रडणाऱ्यांची थट्टा करून आठव्या शतकातच आपला मोर्चा दारूच्या गुत्त्याकडे वळवला होता.

पण संकेत आला की जागा गेली, हे आंदलुसमधल्या कोर्दोबाच्या बाबतीत टिकत नाही. लेखक इब्न हज्म तिथलाच, जन्म 994 चा. 1009 मध्ये यादवी पेटली आणि 1013 मध्ये त्याला शहर सोडावे लागले. पुढे शातिबात त्याने प्रेमावर ‘तौक अल-हमामा’ लिहिले, तेव्हा बेदुइनांच्या प्रेमकथा आपल्याला नकोत, त्यांची रीत वेगळी, असे प्रस्तावनेतच बजावले. आणि तरीही बलात मुगीसमधल्या आपल्या वाड्याची दैना सांगताना तो बोलतो ते थेट त्या तळाच्याच भाषेत: पुसलेल्या खुणा, माणसांच्या जागी श्वापदे. ज्याने ती रीत बेधडक नाकारली, त्यालाच ती स्वतःच्या घरासाठी लागली, ही साक्ष मला वजनदार वाटते. कोर्दोबाच्याच इब्न झैदून या कवीचे उदाहरण उलट बाजूचे. 936 मध्ये पायाभरणी झालेले, कोर्दोबाजवळचे राजनगर मदीनत अल-झहरा त्याच यादवीत लुटले गेले होते. पण तिथून प्रेयसी वल्लादाला आठवताना तो पडझड दाखवत नाही, बाग, संध्याकाळची झुळूक, दवाने लवलेली फुले दाखवतो. हा परंपरेला दिलेला फाटा म्हणावा, तर तो ज्याला उजाड तळ पाठ आहे त्यालाच कळतो. हौमलच्या जागी आता झहरा आले होते.

त्याच अकराव्या शतकात आंदलुसमधल्याच अल-बक्री या भूगोलज्ञाने अरबी कवितेतल्या आणि हदीसमधल्या स्थळनामांचा कोश रचला, कारण नकलाकारांच्या हातून ती नावे बिघडत चालली होती. तो आंदलुसबाहेर कधी गेलाच नाही, असे मानतात. हजारो मैलांवरच्या पाणवठ्यांच्या आणि टेकड्यांच्या नावांतले एकेक अक्षर, एकेक स्वर तो तिथेच बसून पक्का करत होता.