किल्लीची कुजबुज

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली. पुढे १९७४ मध्ये तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. तिची किल्ली म्हणजे दातेरी पत्र्याचा तुकडा. फुटपाथवरचा चावीवाला कानस घासून तशीच दुसरी करून देई. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाडी, एवढाच हिशेब.

मग किल्लीला बटण आले. १९८२ च्या सुमारास फ्रान्सच्या रेनो कंपनीने फ्युएगो गाडीला दुरून उघडणारे कुलूप दिले. ते टीव्हीच्या रिमोटसारखे अवरक्त किरणांवर चाले, त्यामुळे नेम धरावा लागे. रेडिओलहरी आल्या आणि नेम धरणे संपले. पण रेडिओवरचे बोलणे कुणीही ऐकू शकतो! सुरुवातीच्या किल्ल्या दर वेळी तोच सांकेतिक आकडा पाठवत. चोराने तो टिपून ठेवावा आणि मालक गेल्यावर पुन्हा ऐकवावा, की दार उघडलेच.

यावर दक्षिण आफ्रिकेतल्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकात तोड काढली : ‘कीलॉक’, म्हणजे बदलत्या आकड्याची पद्धत. किल्लीत एक गुप्त आकडा आणि एक मोजणी असते. बटण दाबले, की मोजणी एकाने वाढते आणि गुप्त आकड्याच्या साह्याने कुलूपबंद होऊन गाडीकडे जाते. तोच गुप्त आकडा गाडीजवळही असतो. ती मोजणी उलगडते. मागच्यापेक्षा पुढची असेल तरच दार उघडते. शिळा आकडा चालत नाही. आणि खिशात बटण उगाच दाबले गेले तर? पुढच्या १६ आकड्यांपर्यंत गाडी समजून घेते. त्याहून फारच पुढे गेले, तर लागोपाठ दोनदा दाबावे लागते.

तरीही २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते, त्याच्या चढउतारावरून ते गुपित शोधले. २०१५ मध्ये अमेरिकेत सॅमी कामकार यांनी वेगळीच युक्ती दाखवली : मालकाचा आकडा गाडीपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही, तो न वापरलेला जपून ठेवायचा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आता बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत बटणाच्याच गाड्या. बटण पहिल्या दाबाला लागले नाही, तर जागा बदलून पुन्हा दाबा. गाडीने पुढचा आकडा ऐकला, की चोराजवळचा शिळा होतो. आणि निघताना दाराची मूठ एकदा ओढून पाहा. ही सवय पद्मिनीच्या काळातली असली, तरी अजून कामाची आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)