दूरचित्रवाणी मालिकांचे घरगुती संच : किंमत रास्त होती काय?

एकदा पडद्यावर विनामूल्य पाहिलेली मालिका पुन्हा पैसे मोजून विकत का घ्यावी, हा प्रश्न ध्वनिचित्रफितींच्या जन्मापासून प्रेक्षकांना पडत आला आहे. चित्रपटाच्या बाबतीत तो तितका टोचत नाही. चित्रपटगृहात तिकीट काढलेलेच असते, त्यामुळे चित्रपट ही विकत घेण्याची वस्तू आहे हे मनाने आधीच मान्य केलेले असते. मालिका मात्र जाहिरातींच्या किंवा सरकारी तिजोरीच्या खर्चाने घरात येते. तिच्या संचावर छापलेली किंमत म्हणूनच चित्रपटाच्या किमतीपेक्षा अधिक खटकते.

या व्यापाराची सुरुवातच महागड्या दराने झाली. ब्रिटनमध्ये बीबीसीने ऑक्टोबर १९८३ मध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेची पहिली चित्रफीत बाजारात आणली. 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' ही चार भागांची कथा तीत सलग जोडलेली होती आणि तिची किंमत ३९ पौंड ९५ पेन्स होती, म्हणजे एका भागाला जवळजवळ १० पौंड. ज्या प्रेक्षकांनी परवाना शुल्क भरून या मालिकेच्या निर्मितीचा खर्च उचलला होता, त्यांच्याकडूनच ही रक्कम मागितली जात होती.

तथापि या दरामागे एक हिशेब होता. त्या काळी ध्वनिचित्रफीत ही घरी ठेवण्याची नव्हे, तर भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने घेण्याची वस्तू समजली जाई. दुकानदार ती पन्नास वेळा भाड्याने देईल हे गृहीत धरून किंमत लावलेली असे. अमेरिकेत नव्या चित्रपटांच्या फिती ८० ते ९० डॉलरपर्यंत विकल्या जात, त्याचे कारण हेच. १९८७ मध्ये 'टॉप गन' या चित्रपटाची फीत २६ डॉलर ९५ सेंटला आली, तीत एका शीतपेयाची जाहिरातही होती, आणि सामान्य ग्राहकही फीत विकत घेतो हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. मालिकांची अडचण मात्र निराळी होती. एका फितीवर मोजकेच भाग मावत. शंभर भागांची मालिका जमवायची तर पैशांइतकीच कपाटातील जागाही लागे.

तबकडीचे युग

डीव्हीडीने ही अडचण दूर केली. एक संपूर्ण पर्व हाताच्या तळव्याएवढ्या जाडीच्या पेटीत बसू लागले. अमेरिकेत २००० साली 'द एक्स-फाइल्स'चे पहिले पर्व सात तबकड्यांच्या संचात आले. त्याची छापील किंमत सुमारे १५० डॉलर होती. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चे संच २००२ मध्ये सुमारे १४० डॉलरना निघाले. सात पर्वांची ही मालिका पूर्ण घ्यायची तर छापील दराने जवळजवळ हजार डॉलर पडत.

पेटीवरचा आकडा बाजूला ठेवून तासाचा हिशेब केला, तर चित्र बदलते. 'एक्स-फाइल्स'च्या पहिल्या पर्वात २४ भाग आहेत, म्हणजे सुमारे १८ तास. त्यामुळे तासाला साधारण सव्वाआठ डॉलर पडतात. त्याच काळात दोन तासांच्या चित्रपटाची डीव्हीडी २० ते २५ डॉलरना मिळे. तासाच्या मापाने मालिका स्वस्तच होती. मात्र ग्राहकाला १८ तास एकदम घ्यावे लागत आणि त्यांपैकी चारच भाग आवडते असले तरी उरलेल्या वीस भागांचेही मोल द्यावे लागे.

पुढे हेच संच २००६ च्या सुमारास साध्या वेष्टनात, ४० डॉलरच्या आसपास पुन्हा आले. भाग तेच आणि तबकड्यांची संख्याही जवळपास तेवढीच. सुरुवातीच्या किमतीत निर्मितीखर्च किती आणि उत्सुक चाहत्याच्या अधीरतेचे मोल किती, याचा अंदाज या एका गोष्टीवरून बांधता येतो. पहिल्या दिवशी धाव घेणाऱ्याकडून अधिक आणि थांबू शकणाऱ्याकडून कमी घ्यावे, ही पुस्तकव्यवसायातील जुनीच रीत आहे. तिला अन्याय म्हणणे कठीण आहे. पण पहिल्या ग्राहकाची चिडही समजण्याजोगी आहे.

पैसा जातो कोठे?

किमतीचे समर्थन करताना कंपन्या लेखक-कलावंतांच्या मानधनाकडे बोट दाखवीत. हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. अमेरिकेतील पटकथालेखकांना घरगुती विक्रीतून मिळणारा हिस्सा १९८० च्या दशकात ठरलेल्या सूत्राने दिला जाई. निर्मात्याच्या वाट्याला एकूण उत्पन्नाचा केवळ पाचवा भाग आला असे मानायचे आणि त्यावर पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत दीड टक्का, त्यापुढे १.८ टक्के लेखकाला द्यायचे. म्हणजे कंपनीला शंभर डॉलर मिळाले, तर लेखकाच्या हाती ३० सेंट पडत. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ या काळातील लेखकांच्या संपापूर्वी हा वाटा दुप्पट करण्याची मागणी पुढे आली होती. संपाच्या उंबरठ्यावर ती मागे घेण्यात आली आणि सूत्र होते तसेच राहिले.

संगीताचा खर्च मात्र खरा आहे. जुन्या मालिकांत वाजणारी लोकप्रिय गाणी केवळ प्रक्षेपणापुरती घेतलेली असत. घरगुती विक्रीसाठी प्रत्येक गाण्याची परवानगी नव्याने मिळवावी लागे. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही नभोवाणी केंद्रावर घडणारी अमेरिकी मालिका २००७ मध्ये डीव्हीडीवर आली, तेव्हा तिच्यातील अनेक गाणी बदललेली होती. गाण्यांभोवतीच गुंफलेल्या विनोदांचा त्यात जीव गेला. २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने बहुतेक गाण्यांचे हक्क मिळवून संपूर्ण मालिका पुन्हा काढली. 'द वंडर इयर्स'चे चाहते तर याच कारणासाठी २०१४ पर्यंत खोळंबले होते. अशा संचाची किंमत थोडी चढी असली तर तक्रारीला जागा उरत नाही. अपुरा संच पूर्ण किमतीला विकणे, ही खरी फसगत.

तिसरा खर्च जतनाचा. बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत अनेक फिती पुसून पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू'चे सुमारे शंभर भाग त्यातच गेले. उरलेल्या भागांचा शोध, दुरुस्ती आणि रंगसंस्कार यांवर पुढे जे श्रम झाले, त्यांचे पैसे मुख्यतः घरगुती विक्रीतूनच आले.

देशोदेशीचे दर

एकच वस्तू वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या दराने विकता यावी, यासाठी डीव्हीडीचे जगभर सहा मुख्य विभाग पाडण्यात आले. अमेरिका पहिल्या विभागात, ब्रिटन आणि जपान दुसऱ्यात, तर भारत पाचव्या विभागात होता. जपानमध्ये व्यंगचित्र मालिकांच्या एका तबकडीवर बहुधा दोनच भाग देत आणि तिची किंमत ६ ते ७ हजार येन असे. रात्री उशिरा दाखवल्या जाणाऱ्या या मालिकांचा निर्मितीखर्च तबकड्यांच्या विक्रीतूनच मोठ्या प्रमाणात भरून काढायचा असे, म्हणून हा दर. ब्लू-रे आल्यावर जपान आणि अमेरिका एकाच विभागात आले. तेव्हा अमेरिकेतील स्वस्त संच जपानी ग्राहक मागवतील, ही भीती जपानी कंपन्यांना वाटू लागली.

भारतात गोष्ट उलट दिशेने गेली. येथे मूळ मालाची स्पर्धा पदपथावर विकल्या जाणाऱ्या चोरट्या प्रतीशी होती. मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकांचे वाचनालय म्हणून सुरू झालेल्या 'शेमारू'ने १९७९ पासून ध्वनिचित्रफिती भाड्याने देण्यास प्रारंभ केला. पुढे गल्लोगल्ली अशी दुकाने निघाली आणि एक दिवसाच्या भाड्यात सारे घर, कित्येकदा सारी चाळ, फीत पाहून घेई. अशा ग्राहकाला शंभर-दीडशे रुपयांची व्हीसीडीही महागच वाटणार.

२००७ च्या प्रारंभी 'मोझर बेअर' या तबकड्यांचे उत्पादन करणाऱ्या कंपनीने हे गणित मोडले. चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास तिने सुरुवात केली. हा दर चोरट्या प्रतीच्या दराच्या जवळपास होता. तबकडी स्वतःच्याच कारखान्यात तयार होत असल्याने आणि विक्रीच्या प्रचंड संख्येवर भिस्त ठेवल्याने हे शक्य झाले.

याच दराने मालिकेचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. 'रामायण' या मालिकेचे ७८ भाग जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर प्रसारित झाले. एका व्हीसीडीवर सुमारे ७० ते ८० मिनिटांचे चित्रण मावते, म्हणजे या मालिकेचे दोन भाग. ३९ तबकड्या, प्रत्येकी २८ रुपये, एकूण १,०९२ रुपये. ४५ तासांच्या करमणुकीला हा दर तासाला पंचवीस रुपयांच्या आत बसतो. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने हजार रुपये एकरकमी काढणे ही २००७ मध्ये सहज गोष्ट नव्हती.

हा स्वस्त दर कंपनीला तारू शकला नाही. तिच्या अडचणींची कारणे अन्य उद्योगांतही होती. २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला.

तबकडीनंतर

'ॲपल'ने ऑक्टोबर २००५ मध्ये 'लॉस्ट'सारख्या मालिकांचा एकेक भाग १ डॉलर ९९ सेंटला विकण्यास सुरुवात केली. २४ भागांचे पर्व त्या हिशेबाने ४८ डॉलरच्या आत पडे आणि हवा तेवढाच भाग घेण्याची मुभा मिळाली. पुढे मासिक वर्गणीच्या सेवांनी हा दरही मागे टाकला. 'नेटफ्लिक्स'ने टपालाने डीव्हीडी पाठविण्याची आपली मूळ सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

दर उतरले, पण त्याबरोबर मालकीही गेली. 'विलो' ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये 'डिस्ने प्लस'वर आली आणि मे २०२३ मध्ये तेथून काढून टाकण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये 'सोनी'ने 'प्लेस्टेशन'च्या ग्राहकांना कळविले, की त्यांनी पैसे भरून घेतलेले 'डिस्कव्हरी'चे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून काढले जातील. गदारोळानंतर हा निर्णय स्थगित झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर ते विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले आहे.

भारतात टाळेबंदीच्या काळात, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले आणि ज्यांच्या घरी संच होते त्यांनीही ते ठरलेल्या वेळी पाहिले. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' ही स्वतःची इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जुन्या मालिका हेच तिचे एक मुख्य आकर्षण ठरविण्यात आले होते.