हप्ता भाडेकरू भरत नाही

पुण्यात नोकरी करणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला लग्नाच्या पंगतीत एक सल्ला हमखास मिळतो. राहतं घर झालंय ना, मग आता दुसरा फ्लॅट घेऊन टाक. भाड्यातून हप्ता निघेल, करात सूट मिळेल, वीस वर्षांनी घर फुकटात तुझं. सल्ला आपुलकीचा असतो आणि देणाऱ्याचा स्वतःचा अनुभवही अनेकदा तसाच असतो. त्यामुळे हा पूर्वपक्ष झटकून टाकता येत नाही. आर्थिक वर्ष २०१६-१७ पर्यंत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरचं व्याज, ते कितीही असो, पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत असे. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याचा व्याजाचा जवळजवळ तीस टक्के भार सरकारच उचलत होतं. ज्यांनी त्या दिवसांत घर घेतलं, त्यांचं गणित जमलं. ते खोटं बोलत नाहीत. फक्त ते गणित आता उरलेलं नाही.

एक फ्लॅट समोर ठेवू. किंमत ८० लाख, भाडं २२ हजार. पुण्याच्या उपनगरात हे आकडे कुणाला नवे वाटू नयेत. कर्ज ६० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो ५२,०६९ रुपये. पहिल्याच ओळीत भाडं निम्म्याहून कमी पडतं, आणि अजून खर्च मांडलेला नाही. कर्ज ठरवताना बँक घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाही. म्हणून २० लाखांच्या जोडीला सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार आणि वर ३० हजार, म्हणजे जवळजवळ २६ लाख रोख खिशातून जातात.

आता भाड्याकडे बघू. वर्षात एक महिना घर रिकामं राहतं असं धरलं तर हाती येतात २ लाख ४२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजार धरला तर त्यात ३६ हजार गेले. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. राज्य सरकारच्या २००१च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, तरी साडेतीन हजार होतातच. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, घर भाड्याने दिलं की ती जाते. इथे कर १८ हजार धरू. रंग, नळ, दलाली, कराराची नोंदणी यांना सरासरी पंधरा हजार. शिल्लक राहते वर्षाला १ लाख ७० हजारांच्या आसपास, महिन्याला चौदा हजार. उरलेले अडतीस हजार दर महिन्याला पगारातून जातात. भाडेकरू हप्ता भरतो म्हणणाऱ्याने ही वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी.

‘पण करात सुटतात ना?’ हा पुढचा आधार. पहिल्या वर्षी व्याजच ५ लाख ५ हजार जातं. भाड्यातून मिळकतकर आणि तीस टक्के प्रमाणित वजावट काढली, की कागदावर साडेतीन लाखांचा तोटा दिसतो. २०१७-१८ पासून त्यातला वर्षाला दोन लाखांपर्यंतचाच तोटा इतर उत्पन्नातून वजा होतो, तोही जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेतलेल्याच्या पगारातून या तोट्याचा एक रुपयाही वजा होत नाही, आणि आज काहीच निवडलं नाही तर लागू होते ती नवी प्रणालीच. या बदलांनी जुन्या सल्ल्याचा पायाच गेला, पण पंगतीपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

व्याजदराची गोष्ट तर याहून काळजीची. मे ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, २०२२-२३ मध्ये, रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. साडेसहा टक्क्यांनी नुकतंच ६० लाख कर्ज घेतलेल्याचा हप्ता होता ४४,७३४. रेपोइतकीच वाढ होऊन त्याचा दर नऊवर गेल्यावर नुसतं व्याजच महिन्याला ४५ हजारांच्या घरात. बँकेने हप्ता तोच ठेवला असता, तर मुद्दल फिटायचं सोडाच, व्याजही पुरतं फिटलं नसतं. त्या काळात अनेकांची मुदत त्यांना नीट न कळता वाढत गेली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. भाडं मात्र करार संपेपर्यंत हलत नाही.

राहता राहिला भाववाढीचा आधार. भाव वाढतात, हे मी नाकारत नाही. पण किती वाढायला हवेत? पहिल्या वर्षाचं व्याज, त्यात गुंतलेल्या २६ लाखांवर बँकेच्या ठेवीत सात टक्क्यांनी मिळालं असतं ते, वजा निव्वळ भाडं: पाच लाखांच्या वर. घराचा भाव वर्षाला साधारण साडेसहा टक्के वाढला तर तुम्ही जागेवर राहता. नफा त्याच्या पुढे, आणि विकताना त्यावर कर.

मग दुसरं घर घेऊच नये? माझं म्हणणं तसं नाही. चूक कर्जाच्या आकारात आहे. बँक मुख्यतः तुमचा पगार बघून कर्ज देते, आणि आपण तेवढं घेतो. ते ठरायला हवं भाड्यावरून. वर्षाचं निव्वळ भाडं निदान वर्षाचं व्याज तरी पेलेल, एवढंच कर्ज घ्यावं. आपल्या उदाहरणात १ लाख ७० हजारांना साडेआठ टक्क्यांनी पेलतात २० लाख, ६० नव्हे. गावची जमीन विकून किंवा निवृत्तीची रक्कम हाती येऊन ज्याच्याकडे बाकीचे पैसे आहेत, त्याला हे घर झेपतं. ज्याच्याकडे नाहीत, त्याने लहान घर बघावं किंवा थांबावं. आणि ज्याने मोठं कर्ज आधीच घेतलं आहे, त्याच्या हाती एक गोष्ट नक्की आहे: वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला शुल्क पडत नाही. दर वर्षीचा बोनस आधी मुद्दलात घालावा, आणि बाकी २० लाखांवर येईपर्यंत तिसऱ्या फ्लॅटचं माहितीपत्रक उघडू नये.