कोठार त्यांचे, उंदीर आमच्या नावावर

घरात उंदीर झाले की शेजारी एकच निदान करतात : घर घाण असेल. वस्तीत उंदीर झाले की शहर तेच निदान करते : वस्ती घाण आहे. ज्यांच्या माथी जन्मतःच 'अस्वच्छ' हा शिक्का मारला गेला, त्यांच्या बाबतीत तर ह्या निदानाला पुरावाही लागत नाही. परंतु उंदीर हा प्राणी जात विचारीत नाही आणि शुचिर्भूतपणाही पाहत नाही. तो दाण्यामागे जातो. केरकचरा त्याला आडोसा देतो, पण त्याचे पोट भरते ते साठवलेल्या धान्यावर. म्हणून घरातून आणि धान्यातून उंदीर दूर ठेवण्याचा इतिहास लिहायचा तर तो साठवणीचा इतिहास लिहावा लागतो. आणि ह्या देशात साठवणीचा इतिहास म्हणजे दाणा कोणाकडे उरत होता आणि कोणाकडे उरत नव्हता, ह्याचा इतिहास होय.

आपल्या गावगाड्यात उंदरापासून धान्य राखण्याचे ज्ञान मोठे होते. देशावर कोरड्या, घट्ट जमिनीत पेव खणीत. त्याच्या तळाला आणि कडांना कडबा-पाचट लावून ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून बंद करीत. दाणाही श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू त्याने संपला की आत ना कीड जगे, ना उंदीर. त्यामुळेच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतत असे. तोंड मोकळे करून हवा खेळू द्यावी लागे, मगच माणूस उतरवावा लागे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठीही अशीच पेवे होती. वाड्यांत भिंतीतच बांधलेले बळद असे. कुणब्याच्या घरी कणगी असे. तिला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपीत आणि खाली दगड देऊन ती जमिनीपासून उचलून ठेवीत. धान्यात राख मिसळीत, कडुनिंबाचा पाला घालीत. भाकरी, दूध, लोणी शिंक्यावर चढवीत.

हे सारे ज्ञान होते कोणाचे? कणगी विणणारा बुरूड, मडक्यांची उतरंड घडवणारा कुंभार, शिंक्याचा दोर वळणारा मांग. ज्या हातांनी उंदराची वाट अडवली ते हात बहुतेक करून बलुतेदार-अलुतेदारांचे होते. रात्री गावाची राखण करणारा येसकर महार होता. आपल्या ग्रामसंस्कृतीचे गोडवे गाणारे विद्वान कणगीचे आणि बळदाचे वर्णन मोठ्या रसाने करतात. त्या वर्णनात कणगी भरलेली असते. ती विणणाऱ्याच्या घरात काय होते, हे मात्र कोणी लिहीत नाही.

महाराच्या वाट्याला खळ्यावरचे बलुते येई, आणि तेही शेतकऱ्याच्या मर्जीने. त्याच्या बावन्न हक्कांच्या ज्या याद्या परंपरेने सांगितल्या जातात, त्यांत पेवाच्या तळाशी उरलेल्या धान्याचाही हक्क सांगतात. पेवाच्या तळाचे धान्य म्हणजे ओल लागलेले, काळे पडलेले, वास मारणारे धान्य. व्यवस्थेने ह्यालाही 'हक्क' असे भारदस्त नाव दिले! वरचा दाणा मालकाचा, तळाचा दाणा महाराचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा घाव ह्याच तळाच्या दाण्यावर होता. गावाने द्यायचे, महाराने घ्यायचे आणि त्या बदल्यात रात्रंदिवस राबायचे, ही साखळी त्यांना तोडायची होती. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली आला. बाबासाहेब तोवर हयात नव्हते.

आता शहराकडे वळू. कारण उंदराच्या प्रश्नाला राज्यकर्त्यांच्या दप्तरात जागा मिळाली ती मुंबईत, प्लेगच्या साथीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतचा धान्याच्या वखारींचा भाग. माणसे मरण्याआधी तेथल्या गोदामांत उंदीर मरून पडू लागले होते. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे : मुंबईत प्लेग प्रथम सापडला तो व्यापाऱ्यांच्या धान्याच्या कोठारांशेजारी.

परंतु सरकारची मोहीम चालली ती घाणीविरुद्ध. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुण्यात आली. ह्या धुण्याने गटारांतले उंदीर घराघरांत पांगले असावेत, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले आहे. घरांना चुना फासला, कौले उतरवली, कपडे-अंथरुणे जाळली. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात आले. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले, ते ह्याच धास्तीपोटी. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती हवे ते करण्याची सत्ता आली.

उंदीर आणि प्लेग ह्यांच्यामधला दुवा पिसू आहे, हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. वैद्यकशास्त्राने ते मान्य करायला आणखी काही वर्षे घेतली. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग केले. प्लेगची पिसवे असलेल्या खोलीत काही प्राणी जमिनीवर ठेवले आणि काही पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर पिंजऱ्यात टांगले. जमिनीवरचे प्राणी प्लेगने मेले, टांगलेले वाचले. प्रयोग साधा होता, पण त्याचा सामाजिक अर्थ साधा नव्हता. ह्या देशात जमिनीवर कोण झोपत होते आणि पलंगावर कोण? धान्याच्या गोणीशेजारी, उंदराच्या बिळालगत, भुईवर अंथरूण टाकणारा माणूस कोणत्या जातीचा आणि कोणत्या वर्गाचा होता? पिसू जात पाहत नव्हती हे खरे. पण तिची उडी जेथवर पोचत होती तेथे कोणाला झोपावे लागेल, हे जातीने आणि दारिद्र्याने आधीच ठरवून टाकले होते.

खेड्यापाड्यांत लोकांनी आपल्या अनुभवाने एक शहाणपण मिळवले होते : उंदीर पडला की घर सोडायचे, रानात झोपडी घालून राहायचे. शास्त्राच्या कसोटीलाही ते उतरते. पण रानात झोपडी घालायला रान असावे लागते. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्याने कोणाच्या बांधावर झोपडी घालायची?

शाळेच्या पुस्तकांत पुण्याचा प्लेग म्हणजे २२ जून १८९७ ची रात्र आणि रँडचा वध. सोजिरांनी माजघरात, देवघरात पाय ठेवला, ह्याचा संताप इतिहासाने जपून ठेवला. तो संताप खोटा नव्हता. पण त्याच साथीत, त्याच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. यशवंताच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्यातूनच त्यांना लागण झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपले घर विटाळले म्हणून पेटून उठणे हा प्लेगचा एक इतिहास आहे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्याला पाठीवर घेणे, हा दुसरा. पहिल्यावर धडे आले, दुसऱ्याला ओळी मिळायलाही वाट पाहावी लागली.

प्लेगमधूनच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, कामगारांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, असा त्याचा हेतू होता. ट्रस्टने जितकी माणसे उठवली त्या मानाने बांधलेली घरे अपुरीच पडली. पण ज्या चाळी उभ्या राहिल्या त्यांतल्या परळच्या एका बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब सुमारे १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. महाडचा आणि काळारामाचा लढा उभारणारा नेता राहत होता, तो ह्या प्लेगने बांधवलेल्या चाळीच्या खोलीत. राज्यकर्त्यांनी रोगाच्या भीतीने ती चाळ बांधली. आमच्या माणसांनी तिचे चळवळीचे घर केले.

मग उंदीर मारण्याचे काम कोणाकडे आले? शहराने ते आपल्या तळाच्या नोकरांवर सोपवले. मुंबई महानगरपालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक हातात काठी आणि बॅटरी घेऊन बाजारांच्या गल्लीबोळांतून हिंडतात. प्रत्येकाने एका रात्रीत तीस उंदीर मारावेत असा दंडक घालून देण्यात आला. येसकर रात्री गाव राखीत होता. हा रात्री शहराचे धान्य राखतो. येसकराच्या काठीला घुंगरू होते, ह्याच्या काठीला संख्या आहे, एवढाच फरक.

बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या मुसहर समाजाच्या तर नावातच उंदीर आहे. पीक निघाल्यावर शेतातली बिळे खणायची, उंदराने ओढून नेलेली कणसे काढायची आणि त्यावर गुजराण करायची, ही ह्या भूमिहीन मजुरांवर आलेली पाळी. घूस आपल्या बिळात धान्य साठवते हे प्राणिशास्त्र सांगते. समाजशास्त्राने पुढचे सांगावे. ज्याने पेरले, लावले, कापले, मळले, त्या माणसाला आपला दाणा जमीनमालकाकडून मिळाला नाही. तो त्याला उंदराच्या कोठारातून खणून काढावा लागला. आणि ह्याबद्दल समाजाने लाज कोणाला दिली? मालकाला नव्हे. मुसहराला 'उंदीर खाणारा' म्हणून हिणवले!

हा सारा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या भीतीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोकही राहती घरे सोडून बाहेर राहू लागले. साठवलेले धान्य मात्र रिकाम्या घरांतच राहिले आणि त्यावर उंदीर माजले. १९९४ साली तेथे प्लेग दिसला, त्याचे कारण तज्ज्ञांनी असेच दिले. त्याच वर्षी सुरतेत साथीची आवई उठली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. पोटासाठी आलेले मजूर, त्यांत आपल्या खानदेशातलेही, कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत राहत होते, ह्याची आठवण तेव्हा सगळ्यांना झाली. २००१ साली पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली : सरकारी गोदामे ओसंडत असताना माणसे उपाशी का? २०१० साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, धान्य सडू देण्यापेक्षा ते गरिबांना द्या. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. म्हणजे कोठार आता राष्ट्राचे झाले. तरी त्यातला दाणा भुकेल्या माणसाआधी उंदराला मिळू नये, हे न्यायालयाला सांगावे लागले.

कार्यकर्त्यांनी ह्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट व्यवहाराची. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. तेव्हा भोके बुजवताना नुसती चिंधी कोंबू नये, ती तो कुरतडतो. तारेची जाळी आणि सिमेंट वापरावे. गोण्या जमिनीवर आणि भिंतीला चिकटून ठेवू नयेत. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात. शक्य तेथे पत्र्याची कोठी करावी. उंदीर नव्या वस्तूला बुजतो, म्हणून पिंजरा दोन-तीन दिवस नुसता उघडा ठेवून मग लावावा. विषारी गोळ्या लेकरे खेळतात त्या घरात शक्यतो नकोत. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, आणि एका जागी अनेक उंदीर आपोआप मरून पडलेले दिसले तर आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवावे.

दुसरी गोष्ट विचाराची, आणि ती अधिक महत्त्वाची. एक घर कितीही लिंपले तरी शेजारी बाजाराचे गोदाम उघडे असेल आणि न उचललेला कचरा दारात असेल, तर उंदीर येणारच. वस्तीला स्वच्छतेवर व्याख्यान द्यायला येणाऱ्यांना आपण विचारले पाहिजे : कचरागाडी कितव्या दिवशी येते? गटारावर झाकण का नाही? पलीकडच्या वखारीची तपासणी शेवटची कधी झाली? पक्की भिंत, पक्की जमीन आणि धान्य ठेवायला एक कोठी ही चैन नव्हे, हा आरोग्याचा हक्क आहे.

आणि त्या कोठीत ठेवायला दाणा हवा. ज्या घरात उद्याचे पीठ आज नसते, त्या घराला उंदरापासून धान्य राखण्याचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे. तळाच्या दाण्याचा 'हक्क' आम्ही नाकारला तो वरचा दाणाही आमच्याच घामाचा आहे म्हणून. कोठार कोणाचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय उंदीर कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या नावावर लिहिले जात राहील. ते खोडण्याचे काम आपल्यालाच करावयाचे आहे.