ल्युपस: रिपोर्ट चांगले, तरी थकवा का जात नाही?

ल्युपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर हल्ला करते. सांधे, त्वचा, किडनी, कुठेही. दर 10 रुग्णांपैकी साधारण 9 महिला असतात. आजार बहुतेकदा 15 ते 45 या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन शिक्षण, नोकरी, लग्नाच्या काळात.

पण अनेकींना सर्वाधिक छळतो तो थकवा. झोपूनही न जाणारा. तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही आणि चेहऱ्यावरही नाही. मग "दिसतेस तर ठणठणीत!" हे ऐकावं लागतं.

अमेरिकेतील क्रिस्टीन मिझरँडिनो यांना स्वतःला ल्युपस. हॉटेलात मैत्रिणीने 'हा आजार घेऊन जगणं नेमकं कसं असतं?' असं विचारलं, तेव्हा त्यांनी टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले. हे चमचे म्हणजे दिवसभराची ताकद. अंघोळ केली, एक गेला. कपडे बदलले, आणखी एक. संध्याकाळी एकच उरला, तर स्वयंपाक करायचा की भांडी घासायची? 2003 मध्ये त्यांनी हे लिहिलं आणि आज जगभरातले दीर्घ आजाराचे रुग्ण स्वतःला 'स्पूनी' म्हणवतात.

उन्हानेही आजार उफाळू शकतो, त्यामुळे सनस्क्रीन इथे हौस नाही, उपचाराचाच भाग. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी वर्षानुवर्षं चालते, तिच्यासोबत डोळ्यांची नियमित तपासणीही. आणि मूल? आजार किमान 6 महिने शांत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुतेक जणी आई होऊ शकतात.